डोरिसवरचं वर्ष

बॉस्ली,
४ मे १९८६

प्रिय हिल्डा,

पोहोचलो असं लिहिणार होते, पण कुठं ते सांगायची लाज वाटते. तीन दिवस चालतोय आणि अजून तुझ्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर आहोत. तीस वर्षं बस चालवलेला माझा नवरा आता माणसाच्या पावलानं जाणारं वाहन हाकतोय, आणि तरी खुशीत आहे. काल काठच्या पायवाटेवरून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आमच्या पुढं निघून गेला. क्लिफनं त्याला टोपी उंचावून सलाम केला.

बोट लांबीला आख्ख्या गल्लीएवढी आणि रुंदीला आपल्या न्हाणीघराएवढी. आत दोघांना एकमेकांच्या बाजूनं जायचं असेल तर कोण बसणार ते आधी ठरवावं लागतं. दारातून बाहेर पडताना क्लिफ डोकं आपटून घेतो आणि दर वेळी दाराला शिव्या देतो. बोटीचं नाव डोरिस. आधीच्या मालकाच्या बायकोचं. मी म्हटलं बदलू या, तर इथली माणसं दचकलीच. बोट पाण्यात असताना नाव बदलणं अशुभ, त्यासाठी तिला बाहेर काढावं लागतं. तेवढे पैसे कुणाकडे आहेत?

इथं एकामागं एक बारा लॉकं आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समज. दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, मग लोखंडी हँडल फिरवून पुढच्या दाराची झडप वर उचलायची. पाणी खाली उतरतं आणि त्याबरोबर आपणही. क्लिफ सुकाणू धरून कप्तान, आणि मी हँडल घेऊन हमाल. बारा पायऱ्या उतरल्यावर माझे हात माझ्या मालकीचे राहिले नव्हते.

पण एक वर्ष मी कबूल केलंय. त्याचं हे लग्नाच्या आधीपासूनचं स्वप्न आहे, आणि त्याचा चेहरा बघून मला बरंही वाटतं. मात्र एक दिवस जास्त नाही. पुढच्या मे महिन्यात मी माझ्या स्वयंपाकघरात उभी असेन, हे त्यालाही सांगितलंय आणि तुलाही सांगते. तोवर शेजारून आमच्या घरातल्या भाडेकरूंवर नजर ठेव.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला रस्त्यावर उभं राहून ओरडता येत नाही, तेव्हा लिहीत जा. पत्र मिडलविचच्या पोस्टात पाठव, वर 'न्यायला येईपर्यंत ठेवा' असं लिहून.

तुझी बहीण,
नोरीन


मॅकल्सफील्ड,
१६ मे

प्रिय नोरीन,

चाळीस वर्षं तुझ्याबरोबर राहिलेला माणूस म्हातारपणी डोरिसच्या पोटात जाऊन बसला आणि तूही त्याच्या मागोमाग गेलीस. माझ्या रॉयला असली काही हुक्की आली असती तर मी त्याला काठावरूनच निरोप दिला असता. तो बिचारा वर गेला तोही घरातल्या खुर्चीतून.

तुमचे भाडेकरू गुणी आहेत. दोघंही शाळेत शिकवतात, आवाज करत नाहीत, खिडक्याही पुसत नाहीत. परवा त्या मुलीनं मला कुंपणावरून विचारलं, 'मागची ती काटेरी झुडपं काढून तिथं हिरवळ केली तर चालेल का?' मी म्हटलं, 'आधी क्लिफला पुरा, मग त्याच्यावर हिरवळ करा.' बिचारी पांढरी पडली. क्लिफच्या गूजबेरीला आपल्या भागात काय मान आहे ते परगावच्या माणसाला कसं कळणार? मग मी तिला तराजू, सगळ्यात जड फळाला कप देणारं प्रदर्शन, विल्फ ट्रँटरशी बावीस वर्षांची चुरस, सगळं समजावून सांगितलं. किती कळलं देव जाणे.

गुरुवारी पत्ते खेळायला जोडीदार नाही. एंटविसलबाईंना घेतलंय. त्या हुकमाचं पान जपून ठेवतात आणि मग विसरतात. मी कॅलेंडरवर पुढच्या मेची एक तारीख लिहून ठेवली आहे. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून मिळत नाही, म्हणून याच्याच मागच्या बाजूला लिहिलं.

पाठीला गरम पाण्याची पिशवी लाव.

हिल्डा


मिडलविच,
६ जुलै

प्रिय हिल्डा,

तुझं पत्र इथल्या पोस्टात सात आठवडे माझी वाट बघत होतं. आमचा वेग तुला एव्हाना कळला असेल.

आधी तक्रार. संडासाचा डबा. तो भरतो, आणि भरला की तो हातात धरून गावातून त्या ठरलेल्या जागेपर्यंत न्यावा लागतो. वाटेत भेटणारे 'काय छान हवा आहे' म्हणतात आणि आपण हातात डबा धरून 'हो ना' म्हणायचं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं राबून मान मिळवला तो याचसाठी का?

आता क्लिफचा पराक्रम. इथं एक पाप आहे, चोरी परवडली पण ते नको. समोरून बोट येत असेल आणि लॉकमधलं पाणी तिच्या बाजूला तयार असेल, तर ते आपल्या बाजूला फिरवून घ्यायचं नाही. मुकाट्यानं थांबायचं. क्लिफला वाटलं, समोरची बोट लांब आहे, तेवढ्यात आपलं होऊन जाईल. ती बोट होती पेगची. पेग एकटी बोट चालवते आणि काठाकाठानं कोळसा, डिझेल, गॅस विकते. वय माझ्याएवढं असेल. आमचं होईपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली. मग जाता जाता क्लिफला म्हणाली, 'गाडी सुटत होती वाटतं तुमची?' क्लिफ कानापर्यंत लाल झाला. प्रायश्चित्त म्हणून त्यानं तिच्याकडून कोळशाची चार पोती घेतली. जुलै महिन्यात! ती आता छतावर रचून ठेवली आहेत.

त्यातून पेगशी मैत्री झाली. तिनं मला सुकाणू धरायला शिकवलं. उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे वळते. चाळीस वर्षं संसार केलाय, मला हे एका दिवसात जमलं. क्लिफच्या हातात अजून बसचं चाक आहे, तो काठावर जाऊन आदळतो. हल्ली तोच म्हणतो, 'तू चालव, मी लॉकं बघतो, पाठीला व्यायाम होतो.' किती समजूतदार आहे बघ.

नोरीन


मॅकल्सफील्ड,
५ ऑगस्ट

प्रिय नोरीन,

प्रदर्शन झालं. वाईट बातमी आहे, क्लिफला सांगायची की नाही ते तू ठरव. आदल्या आठवड्यात रात्रभर पाऊस लागला आणि भाडेकरूंनी झुडपांवर छत्र्या लावल्या नाहीत. फळं पाणी पिऊन फुटली. जी राहिली ती गांधीलमाश्यांनी खाल्ली. पहिलं बक्षीस विल्फ ट्रँटरला, फळ कोंबडीच्या अंड्याएवढं होतं. बक्षीस घेताना तो म्हणाला, 'समोर क्लिफ नसताना जिंकण्यात मजा नाही,' आणि कप मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आता नऊ महिनेच राहिले. धीर धर.

हिल्डा


लँगोलन,
१४ सप्टेंबर

प्रिय हिल्डा,

बातमी सांगितली. क्लिफ 'बरं' म्हणाला आणि बाहेर जाऊन दोर गुंडाळत बसला. दोर आधीच गुंडाळलेला होता.

तुला सांगितल्यावाचून राहवत नाही: मी डोरिसला आकाशातून नेलं. इथं कालवाच पुलावरून जातो. खाली दरी आणि नदी, वर लोखंडी पन्हळीत आपलं पाणी. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, बोटीच्या कडेवरून थेट खाली झाडांचे शेंडे आणि मेंढ्या. पुलापाशी आलो तेव्हा क्लिफ म्हणाला, 'तू ने हिला. मी आत चहा टाकतो.' एवढा मानाचा पल्ला त्यानं मला दिला. मी सरळ बघत राहिले, श्वास घ्यायलाही विसरले असेन. पलीकडे पोहोचल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कशाचं ते मला सांगता येणार नाही. चहा काही आला नाही. आत बघितलं तर साहेब पाय पोटाशी घेऊन बाकावर बसले होते. म्हणाला, गॅस संपला. नंतर मी शेगडी पेटवली तर व्यवस्थित पेटली.

तक्रार विचारशील तर, सकाळी खिडक्यांना आतून घाम येतो आणि उशी ओली होते. ब्रेड दोन दिवसांत बुरसतो. पण पहाटे धुकं उतरलेलं असतं, बगळा जागचा हलत नाही, इंजिन सुरू करायचा जीव होत नाही. मग मी तशीच ओल्या छतावर कोपर टेकून चहा पिते. एकदा त्या निळ्या पक्ष्यानं सुकाणूच्या दांड्यावर बसून माझ्याकडे बघितलं. खंड्या गं. क्लिफला हाक मारेपर्यंत गेला.

नोरीन


एल्समिअर,
९ नोव्हेंबर

प्रिय हिल्डा,

हे पत्र नोरीनला माहीत नाही. ब्रेड आणायला जातो सांगून पोस्टात उभा राहून लिहितोय. मला लिहायची सवय नाही, चूकभूल घे.

मला घरी यायचंय.

मी तीस वर्षं म्हणत होतो, एकदा निवृत्त झालो की जिथं थांबा नाही, वेळापत्रक नाही, घंटी नाही तिथं जाईन. आता घंटी नाही तर करमत नाही. माझ्या बसमध्ये दिवसाला पाचशे माणसं चढायची आणि निम्मी तरी काहीतरी बोलून जायची. इथं माणूस भेटलं की दोन वाक्यांत बोट पुढं जाते. बदकं आहेत, पण ती फक्त ब्रेडपुरती येतात. माझी झुडपं फुटली हे ऐकल्यापासून झोप नीट नाही. त्या उंच पुलावर मी डोळे मिटून बसलो होतो, तेही तुला सांगतो.

पण बोलू कुठल्या तोंडानं? तिला मीच घर सोडायला लावलं. आणि आता ती सुखात आहे, हिल्डा. तोंडानं कटकट करते, पण सुकाणूपाशी उभी राहिली की गुणगुणते. चाळीस वर्षांत मी तिला घरात गुणगुणताना ऐकलं नाही. आता मी चला म्हटलं तर ती लगेच येईल, आणि गुणगुणणं इथंच राहील. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. तू तिला काही बोलू नकोस.

विल्फला म्हणावं, या हिवाळ्यात माझी झुडपं छाटून दे. मधून हवा खेळायला पाहिजे. तो करेल, वैरी असला तरी जाणकार आहे.

क्लिफ


नॅन्टविच,
१८ जानेवारी १९८७

प्रिय हिल्डा,

कालवा गोठलाय. आम्ही गेला आठवडाभर जागचे हललो नाही. सकाळी बर्फ बोटीला घासून कुरकुरतो, आत शेगडीवर सूप असतं. क्लिफनं लाजेपोटी घेतलेल्या त्या जुलैच्या कोळशानं आम्हाला आणि शेजारच्या दोन बोटींना तारलं, कारण पेगची बोटही पलीकडे अडकून पडली आहे. संध्याकाळी सगळे आमच्याकडे बसतात. मी भाकरीएवढा केक करते आणि तो सात जणांना पुरतो.

हिल्डा, तुला एक सांगते, पण शपथ घे की क्लिफला कळवणार नाहीस. मला परत यायचं नाही.

मी काय काय बोलले होते ते मला आठवतंय, तू आठवण करून देऊ नकोस. एक दिवस जास्त नाही म्हणणारी मीच. पण घरी मी सकाळी उठायचे ती काल काय राहिलं ते आवरायला. इथं मी उठते ती बाहेर काय आहे ते बघायला. हे मला एकसष्टाव्या वर्षी मिळालंय, सोडवत नाही. लॉक माझ्या हाताखाली भरतं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटतो. पूर्वी तो फक्त कस्टर्डमध्ये गुठळी झाली नाही की वाटायचा.

आता हे क्लिफपुढं कबूल कसं करू? त्याच्या स्वप्नाची मी वर्षभर टिंगल केली. म्हणून असं ठरवलंय: एप्रिलमध्ये त्याला म्हणायचं, 'तुझ्यासाठी मी आणखी एक वर्ष काढते.' तो खूश, मी खूश, आणि माझं नाकही वर.

तुझ्या गुरुवारांचं मला वाईट वाटतं. ते खोटं नाही.

नोरीन


मॅकल्सफील्ड,
१ फेब्रुवारी

क्लिफ,

ही चिठ्ठी नोरीनच्या पत्राबरोबर पाठवत नाही, वेगळी पाठवते. विल्फनं झुडपं छाटली आणि 'याची माती माझ्यापेक्षा चांगली आहे' असं म्हणून शिवी दिली. आता माझं ऐक. तुझ्या मनातलं तूच बायकोला सांग. मला दोन माणसांच्या मधली टपालपेटी करू नकोस, मला पोटदुखी होते.

हिल्डा


मॅकल्सफील्ड,
१ फेब्रुवारी

प्रिय नोरीन,

मला तू परत हवी आहेस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मला सोंग करावं लागणार नाही. रॉय गेल्यापासून तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला की मी माझा लावायचे. आता तिथं ती मास्तरीण असते आणि ती साडेसहालाच पडदे ओढते.

तेव्हा मी मनात आणलं तर तुला महिनाभरात इथं आणू शकते. कसं ते विचारू नकोस. आणणार नाही, एवढंच सांगते. रविवारभर मी त्यावर विचार केला आणि माझा मलाच राग आला.

पण तू जे ठरवलंयस, 'तुझ्यासाठी राहते' म्हणायचं, ते करू नकोस. नवऱ्यावर उपकाराचं खोटं ओझं टाकून स्वतःची हौस भागवायची, हे तुला शोभत नाही. तुला हवंय तर 'मला हवंय' म्हण. आणि त्यालाही विचार, त्याला काय हवंय. विचारलंयस का कधी?

भाडेकरूंना घर आणखी एक वर्ष हवं आहे. मिळणार नसेल तर त्यांना दुसरं शोधावं लागेल. मार्चअखेर त्यांना काय सांगू ते कळव.

हिल्डा


ऑडलेम,
२२ मार्च

प्रिय हिल्डा,

सकाळी जाग आली ती क्लिफ माझ्या अंगावर पडला म्हणून. काही भलतं समजू नकोस. आख्खी डोरिस एका कुशीवर कलली होती. कपाटातल्या बश्या जमिनीवर, किटली दाराशी. मी रांगत बाहेर डोकावले तर कालवाच नाही. मधोमध चिखल, चिखलात एक गंजकी सायकल, आणि दोन बदकं चालत होती, माझ्याइतकीच गोंधळलेली. आमच्या मागं पुढं पाच बोटी, सगळ्या कललेल्या.

मला क्षणात कळलं. आदल्या संध्याकाळी आम्ही लॉक चढून वर आलो आणि बोट इथं बांधली. लॉक भरायला फार वेळ लागतोय असं क्लिफ पुटपुटत होता. लागणारच. खालच्या दाराची झडप वीतभर उघडी राहिली होती, आणि निघताना वरचं दारही त्यानं लावलं नाही. रात्रभर आमच्या पायाखालचं पाणी त्या फटीतून खाली वाहून गेलं.

मी अंगात कोट घातला, हँडल घेतलं, आधी ती झडप पाडली, दार लावलं. मग वर चालत गेले. वरच्या लॉकच्या झडपा थोड्या थोड्या उघडून पाणी खाली सोडायचं, एकदम नाही, नाहीतर वरच्या बोटीही चिखलात बसतील. त्याच्या वरच्या लॉकवरही तेच, आणि त्याच्याही वर. परत आले तर क्लिफ तिरप्या बोटीच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. शेजारच्या बोटीवरची बाई तिरकी उभी राहून चहा पीत होती. मला म्हणाली, 'कुणी केलं ते विचारत नाही. गेल्या साली आमच्या ह्यांनी केलं होतं.' इथली माणसं अशी आहेत.

मी क्लिफशेजारी बसले. म्हटलं, 'काल तुला कसली एवढी घाई होती? वर्षभरात तुला या पाण्यावर एकदाही घाई झाली नाही.'

म्हणाला, 'पबमध्ये सात वाजता गूजबेरीवाल्यांची बैठक होती. दारावर कागद लावला होता.'

'मग?'

'मग गेलो. अनोळखी माणसं. पण नोरीन, दोन तास मी बोलत होतो. माती, छाटणी, गांधीलमाश्या. कुणी पुढं गेलं नाही.' आणि मग खाली चिखलाकडे बघत म्हणाला, 'मला घरी जायचंय गं.'

'आणि मला नाही,' मी म्हटलं. तुझं पत्र आठवलं म्हणून तसंच म्हटलं, सरळ.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागला. मग आम्ही भांडलो. तो म्हणे, 'तू सुखात आहेस, मी राहतो.' मी म्हणे, 'तुझा जीव तिकडे, मी येते.' इतक्या जोरात भांडलो की बोट कधी सरळ झाली आणि पाणी कधी आलं ते कळलंच नाही.

शेवटी मी म्हटलं, 'तू जा. मी राहते. गोठायला लागलं की मी घरी येते, आणि उन्हाळ्यात तुला वाटेल तेव्हा तू ये. पेग एकटी चालवते, मलाही येईल.' तो म्हणाला, 'लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, 'विल्फ ट्रँटर म्हणेल, आता कप गेला.' तेवढं त्याला पटलं.

भाडेकरूंना सांग, एप्रिलअखेर घर सोडा.

वर सगळं हसून लिहिलंय, पण भीती वाटते, हिल्डा. लॉकची नाही. चाळीस वर्षांत आम्ही सलग दोन रात्री वेगळे राहिलो नाही. ते प्रेम होतं की नुसती सवय होती, ते आता कळणार. आणि सवय निघाली तर मी ही बोट घेऊन काय करू?

नोरीन


मॅकल्सफील्ड,
८ मे

प्रिय नोरीन,

मी देवाकडे बहीण मागितली होती, त्यानं मेहुणा धाडला. गेल्या शुक्रवारी दोन पिशव्या घेऊन आला, दारात सवयीनं वाकला आणि म्हणाला, 'इथं वाकायला लागत नाही, नाही का?' घरात शिरायच्या आधी मागं गेला. अर्ध्या तासानं विल्फ कुंपणापाशी आला आणि दोघं अंधार पडेपर्यंत एकमेकांचा अपमान करत उभे होते. फार आनंदात होते.

मला दोघांची गुपितं माहीत होती, हे आता तुला कळलं असेल. मी तोंड मिटून बसले याबद्दल कुणीतरी माझे आभार मानायला हवेत, म्हणून मीच मानले.

गुरुवारी त्याला पत्त्यांना नेलं. वाईट खेळतो, पण हुकमाचं पान विसरत नाही. तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा आता लागतो. एक मात्र सांगते, तो तिथं एकटा बसतो तेव्हा टेबलावर दोन कप असतात. मी विचारलं नाही.

हिल्डा


मॅकल्सफील्ड,
१२ मे

प्रिय नोरीन,

तुला कधी पत्र लिहिलं नाही. वेळच आली नाही.

झुडपांना फळ धरलंय. निम्मं खुडून टाकलं, उरलेलं मोठं व्हावं म्हणून. छत्र्या दुरुस्त केल्या. न्हाणीघराचा नळ गळत होता, बदलला. हिल्डा रोज काहीतरी झाकून आणते आणि मी जेवेपर्यंत उभी राहते. संध्याकाळी क्लबात जातो, सगळे विचारतात बायको कुठाय. मी सांगतो, 'बोट घेऊन गेलीय.' आधी हसले. मग मी त्यांना उंच पुलाचं सांगितलं, कुणी नेली तेही सांगितलं. आता हसत नाहीत.

घर आवरलेलं आहे. झुडपं बरी आहेत. मी बरा नाही. रात्री मी पलंगाच्या एका कडेलाच झोपतो, बोटीवर झोपायचो तसा. बाकीची जागा तशीच राहते.

शनिवारी बसनं येतो. तू कुठं असशील?

तुझा,
क्लिफ


मार्केट ड्रेटन,
१४ मे

प्रिय क्लिफ,

पोस्टातून पत्र घेतलं आणि तिथंच उभ्यानं वाचलं, मग काठावर येऊन परत वाचलं. 'मी बरा नाही' हे तू मला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस. सांगायची गरज नव्हती, मी पलीकडच्याच खोलीत असायचे. वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. मी इथं सुखात आहे. रोज लॉकं पार करते, कुणी मदतीला आलं तर नाही म्हणत नाही. आणि रोज चहाला दोन कप काढते, मग एक परत ठेवते.

शनिवारी गावाबाहेरच्या बासष्ट नंबरच्या पुलापाशी ये. बस तिथंच थांबते. मी दुपारी खालून येईन. तू पायवाटेवर उभा राहा. चालत्या बोटीवर उडी मारायची नाही, तुझं वय झालंय. मी थांबवीन.

नोरीन